मरियक्कुट्टीच्या डोक्यातले डोंगर

पौलोसला खोटं बोलता येत नाही, आणि तरी तो बोलतो, ही मरियक्कुट्टीची जुनीच तक्रार. शारजाहून आल्यापासून पंधरा दिवस पोरगा एकच पालुपद लावून बसला होता, "गॅस डोक्यात चढलाय, अम्मच्ची." गॅससाठी कुणी आईला रबराच्या मळ्यातून उचलून कोट्टयमच्या मोठ्या हॉस्पिटलात आणतं का? चर्चमध्ये ऐन प्रार्थनेत ती हातपाय ताठ होऊन पडली, ते अख्ख्या गावाने पाहिलं होतं.

आताही तो दाराआड डॉक्टर राधामणींशी कुजबुजत होता. सत्तरी उलटली तरी मरियक्कुट्टीचे कान शाबूत होते. मेंदूत गाठ. कॅन्सरची असली तर डोकं उघडायचं. तिने हातातल्या जपमाळेचा पुढचा मणी ओढला.

डोक्याच्या तपासणीच्या मशीनपाशी शायनी नावाची मुलगी होती. मरियक्कुट्टीच्या कानाच्या वरच्या पाळीतले सोन्याचे कुणुक्कू लग्नापासून कधी निघाले नव्हते. शायनीने साबण लावून ते हळूच काढले, हातातली जपमाळही काढून घेतली. मग मशीन खडखडायला लागलं, बराच वेळ खडखडलं आणि थांबलं. शायनी कपाळाला आठ्या घालून आत आली.

"अम्मच्ची, आत काय करत होतात?"

"जप."

"माळ तर मी बाहेर ठेवली!"

"माळ ठेवलीस. तोंड माझ्याबरोबरच आलं ना!"

मागून पौलोस घाईने म्हणाला, "काही नाही गं, अम्मच्ची. मशीन गरम झालंय, म्हणून परत."

मरियक्कुट्टीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तू सांग, मुली. खरं सांग."

शायनी तिच्याजवळ बसली. "फोटोत गाठ दिसली, पण ती कशाची आहे ते फोटोत कळत नाही. गाठीत कुठलं द्रव्य किती आहे, ते आता हे मशीन मोजतंय. कागदावर त्याचे डोंगर उमटतात. तुमचा जबडा हलला, सगळे डोंगर विस्कटले. नीट उमटले तर कदाचित डोकं न उघडताही कळेल. बारा मिनिटं हलायचं नाही."

"एवढंच ना? मग आधी का नाही सांगितलंस?"

मरियक्कुट्टीने दातांवर दात घट्ट ठेवले. माते, बारा मिनिटं तुझा जप तूच कर, असं मनातल्या मनात बजावलं आणि ती मनानेच आपल्या मळ्यात शिरली. पहिलं झाड, त्याची वाटी, वाटीत पांढरा चीक. दुसरं झाड. विहिरीकडचं वाकडं झाड, ज्याला नवऱ्याने जन्मभर शिव्या घातल्या. मशीन कानाशी कितीही ठणाणलं तरी तिने एकही झाड चुकवलं नाही.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई कागद घेऊन बसल्या. पौलोस म्हणाला, "अम्मच्ची, तू बाहेर बस जरा."

"मी बाहेर बसले तर डोकंही बाहेर येईल," म्हणत ती खुर्चीत ठाम बसली.

डॉक्टरीणबाई हसल्या आणि कागद तिच्यापुढे सरकवला. "हा डोंगर बघा, अम्मच्ची. गाठ कॅन्सरची असली की हा बहुधा उंच जातो. तुमचा ठेंगणाच आहे. उंच आहे तो हा, चरबीचा."

"चरबी? अंगावर राहिली नाही ती डोक्यात जाऊन बसली?"

"टीबीच्या गाठीत असं दिसतं. बाकीच्या तपासण्याही तेच सांगतायत. दीड वर्ष गोळ्या घ्यायच्या, तीन महिन्यांनी परत फोटो काढायचा. गाठ आटत गेली तर डोक्याला हात लावायची गरज नाही."

मरियक्कुट्टीने सुस्कारा सोडला आणि कुणुक्कू मागून घेतले. पौलोस तोंडावर रुमाल धरून लहान मुलासारखा रडत होता. तिने कुणुक्कू कानात अडकवले, त्याचा रुमाल बाजूला केला आणि ती डॉक्टरीणबाईंदेखत म्हणाली,

"पौलोस, ते मशीन बारा मिनिटं माझ्या कानाशी खडखडलं, पण खरं बोललं. तू पंधरा दिवस गोड बोललास, त्यात एक शब्द खरा नव्हता. मुलगा चांगला आहेस, म्हणून माफ केलं. पण डोकं माझंय. पुन्हा त्यातलं काही कळलं तर आधी मला सांगायचं, मग रडायचं."