मेलेल्या जंतूंशी लढाई

कुरुंदवाडच्या अक्काताईच्या कोपराजवळ एक बधिर चट्टा होता. १९९६ साली तपासणीत तो कुष्ठरोग निघाला. सरकारी गोळ्या सुरू झाल्या. नवरा शंकरप्पा सोडून कुणाला काही सांगितलं नव्हतं.

निम्म्या गोळ्या झाल्या आणि चट्टा एकाएकी लाल होऊन सुजला. कोपरात कळा यायला लागल्या. भाकरी थापताना करंगळी आणि शेजारचं बोट सरळच होईनात. अक्काताईच्या माहेरी गावाबाहेर एकटी राहणारी, बोटं झडलेली एक बाई होती. तीच डोळ्यांपुढं उभी राहिली.

"गोळ्यांनीच वाढलंय हे. आता न्हाय घेणार," ती म्हणाली.

शंकरप्पानं किराणा दुकान बंद केलं आणि तिला एस्टीनं कोल्हापूरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या बोटांत कागद धरायला दिला. ओढताच निसटला. कोपरामागची नस दाबली, तशी ती कळवळली.

"रोग वाढलेला नाही," बाई म्हणाल्या. "जंतू बरेच मेलेत. पण तुमचं शरीर मेलेल्यांवरही तुटून पडतंय, आणि त्यात तुमचीच नस होरपळतेय. शरीराला जरा आवरायचं औषध देते. जुन्या गोळ्याही चालूच ठेवायच्या."

शंकरप्पा दचकला. "अंगाची ताकदच दाबली, तर उरलेलं जंतू उठतील की!"

"म्हणून तर दोन्ही औषधं बरोबर. उशीर केला तर हात कायमचा वाकडा होईल."

अक्काताईनं आपल्या हाताकडं पाहिलं. "द्या," ती म्हणाली.

पुढचे महिने धास्तीतच गेले. नव्या गोळ्यांनी तोंड सुजलं. शेजारची धोंडुबाई म्हणाली, "लई मानवलीयास की गं, गाल कसं भरल्यात!" अक्काताई कसनुसं हसली. एकदा ताप चढला, तेव्हा जंतूच उठले म्हणून ती रात्रभर रडली. शंकरप्पानं परत कोल्हापूर गाठलं. साधा सर्दीचा ताप निघाला. "भीतीनं नव्या गोळ्या एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करू," बाईंनी बजावलं.

हळूहळू कळा थांबल्या. शेजारचं बोट सरळ झालं. करंगळी मात्र थोडी वाकडीच राहिली.

वर्षभरानं धोंडुबाई अक्काताईच्या घरामागं परड्यात पाऊल चोळत बसली होती. "हितं चिमटा काढला तरी कळत न्हाय बघ."

अक्काताईला आपला चट्टा आठवला. सांगावं, तर गावभर होईल. तिनं परड्याच्या दाराची कडी लावली आणि धोंडुबाईजवळ बसली. "मलाबी व्हतं," ती म्हणाली. "उद्या माझ्यासंगं कोल्हापूरच्या दवाखान्यात चल."