मी ओढलेला धूर

मला बंद करू नका मित्रांनो, चालता चालताच बोलतो. मी हवेचा पंप आहे, आणि चांगलाच जुना. माझ्या पोटातला रबरी पडदा सतत वर-खाली होतो, खोलीतली हवा ओढतो आणि नळीने काचेच्या टाकीतल्या खाऱ्या पाण्यात सोडतो. अकरा वर्षे झाली, स्वस्थ बसणे मला ठाऊक नाही. मी थांबलो की कोणीतरी गुदमरते.

माझे तरुणपण बहरीनमधल्या मुहर्रकच्या बाजारात, रंगीत माशांच्या दुकानात गेले. दुकान बंद पडले तेव्हा बदरियाने मला घरी आणले. नवरा वारल्यावर ती माहेरी, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत राहत होती. त्याच खोलीत तिने प्रवाळांची शेती मांडली. एका शौकिनाकडून घेतलेले प्रवाळ पकडीने कापायचे, बोटाएवढा तुकडा चिनी मातीच्या चकतीवर चिकटवायचा आणि तो वाढायची वाट पाहायची. समुद्रातून तिने साधा खडाही आणला नाही. प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण तो जिवंत असतो. खुशीत असला की आपले बारीक हात उघडून पाण्यात हलवतो.

घरात मात्र त्याचे कौतुक नव्हते. थोरला भाऊ मुबारक याच्या मुलाचे, हमदचे, लग्न ठरले होते आणि मुबारकला त्याच्यासाठी तीच खोली हवी होती.

“दगडांना गारेगार खोली, आणि माझ्या पोरानं काय जिन्यात संसार मांडायचा?” तो विचारायचा.

“ईदपर्यंत थांब, बू हमद. तोवर गिऱ्हाईक मिळालं नाही तर मी स्वतः टाकी रिकामी करते.” बू हमद म्हणजे हमदचा बाप; बदरिया भावाला तशीच हाक मारायची.

“लिहून दे.”

“शब्द दिलाय ना? कागद कशाला?”

आई लुलवाही टोमणे मारण्यात मागे नव्हती. “माझा बाप मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारायचा. ही पोरगी समुद्रच वर घेऊन आली, तोही बादल्यांनी.”

शेवटी ईदच्या आठ दिवस आधी मोठ्या हॉटेलांच्या टाक्या सजवणारे हाजी गलूम तुकडे पाहायला येणार असे ठरले. पसंत पडले तर ते दर महिन्याला माल नेणार होते. त्या दिवशी बदरिया सकाळपासून टाकीची काच पुसत होती. तिने आईला पुन्हा पुन्हा बजावले, “यम्मा, या खोलीत उदाचा धूर नको. पाण्याला सोसत नाही.”

“म्हणजे पाहुण्याला नुसत्या कॉफीवर परत पाठवू? लोक म्हणतील, लुलवाच्या घरी सुगंधसुद्धा उरला नाही.”

हाजी वर आले तेव्हा चोवीसच्या चोवीस तुकडे फुलले होते. ते चष्मा पुसून टाकीवर वाकले. “हे हिरवं कुणी कापलं? हात सुरेख आहे.” बदरियाने कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

तेवढ्यात लुलवा धूपदाणी घेऊन आली. लेकीचा शब्द मोडायचा नाही म्हणून बिचारी दारातच उभी राहिली. पण खिडक्या बंद, एसी चालू. धूर माझ्यापर्यंत आला. मी काय करणार? मला नाक दाबता येत नाही. मी तो ओढला आणि बुडबुड्या-बुडबुड्याने पाण्यात सोडला.

हाजींनी थोडा धूर दाढीवर घेतला आणि ते ताठ उभे राहिले. ऊद फिरला की पाहुण्याने उठायचे, ही इकडची रीत. “बरं, निघतो.”

“बसा ना हाजी, अजून पाहिलंत कुठे?” बदरिया म्हणाली.

“बाई, उदामागून बैठक नाही. घरानं ऊद दिल्यावर बसून राहिलो तर म्हातारपणी निर्लज्ज ठरेन.” निरोप मिळाला असे समजून ते जिना उतरले.

तासाभरात एकेक हात मिटत गेला. तुकड्यांवर बुळबुळीत साय धरली. मी बाहेरची हवा ओढावी म्हणून बदरियाने माझ्या तोंडाला लांब नळी जोडून ती खिडकीबाहेर सोडली, पाणी बदलले. “मी दारातच उभी होते गं,” एवढेच लुलवा म्हणत राहिली. मला कोणीच दोष दिला नाही. उलट माझ्यावरची धूळ पुसली, आणि त्याने मी जास्तच तळमळलो.

पंधरा तुकडे पांढरे पडले, म्हणजे मेले. नऊ हळूहळू उघडले. बदरियाने हाजींना फोनवर सगळे खरे सांगितले. “नऊ वाढू देत, मग बघू,” ते म्हणाले. ते अजून आलेले नाहीत.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मुबारक मोजपट्टी घेऊन आला. बदरिया वाद न घालता बादलीने पाणी उपसू लागली. लुलवाने तिच्या हातातली बादली काढून घेतली.

“हमदला माझी खोली दे,” ती मुलाला म्हणाली. “चूक माझी, तर खोलीही माझीच जाईल.”

“आणि तू कुठे झोपणार? या घरघरीत?”

“तुझ्या बापाच्या घोरण्यात चाळीस वर्षं झोपले. हा तरी त्याच्याहून हळू आहे.”

मित्रांनो, माझा रबर आता झिजला आहे. मधूनच श्वास चुकतो. तुमच्या घरातही कोणी असा न थांबता राबणारा असेल. तो मिळेल ते ओढतो, नको म्हणत नाही; म्हणून त्याच्यापुढे काय ठेवता ते जरा पाहा, आणि तो बंद पडायच्या आधी त्याची विचारपूस करा.

लुलवा रोज रात्री माझ्याशेजारी गादी टाकते. माझ्या घरघरीने तिची झोप मोडत नाही. मी अडखळलो, की मात्र ती दचकून उठते आणि माझ्यावर हात ठेवते.