नोंदलेलं बोट

दुरुस्तीवाल्याने स्क्रीनवरची नजर न काढता हात पुढे केला आणि बाईंनी त्याच्या तळहातावर अण्णांची वही ठेवली. शेवटच्या पानावर अण्णांच्या आखीव अक्षरात पासवर्ड लिहिलेला होता. त्याने तो टाइप केला. लॅपटॉप निमूटपणे सुरू झाला.

"उघडला की, बाई. मग अडचण काय?"

"बोटाने उघडत नाही. परवापर्यंत उघडायचा. काल सकाळी त्याने आपलं आपणच अपडेट करून घेतलं, तेव्हापासून बोट ओळखतच नाही."

"पासवर्ड चालतोय ना? मग बोटाचा हट्ट कशाला?"

"मला बोटच हवंय."

तीस वर्षं शाळेत गणित शिकवून बाईंचा आवाज असा झाला होता, की समोरचा पन्नाशीचा असला तरी गुपचूप वही काढून बसावा. दुरुस्तीवाल्यानेही वाद न घालता बॅग उघडली.

खरं कारण त्याला सांगण्यासारखं नव्हतं. आतल्या खोलीत बाईंचे यजमान, अण्णा, उशांना टेकून बसले होते. शहराच्या पाण्याच्या नळांचे नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली होती. मागच्या वर्षी झटका आला, वाचा गेली आणि उजवा हात तेवढा उरला, तोही थरथरता. त्यांना फारसं समजत नसणार, असं डॉक्टर म्हणाले होते. बाईंचं वजन पंचेचाळीस किलो, अण्णांचं सत्तर. न्हाणीघरात दोघंही दोनदा पडली होती. लेक दुसऱ्या गावी असते. तिने तिच्या घराजवळच्या शुश्रूषा केंद्रात अण्णांसाठी खोली बघून ठेवली आणि रोज फोनवरून बाईंच्या मागे लागली.

बाईंनी मग जन्मभराच्या सवयीने अट घातली होती. "रोज सकाळी हे स्वतःच्या बोटाने लॅपटॉप उघडतात आणि जुने नकाशे बघतात. म्हणजे यांना कळतंय. ज्या दिवशी उघडणार नाहीत, त्या दिवशी तू म्हणशील तिथे पाठवीन."

आठ महिने रोज सकाळी बाई अण्णांचा हात धरून लॅपटॉपच्या बोट ओळखणाऱ्या बटणावर नेत होत्या. लॅपटॉप उघडायचा आणि बाईंचा जीव भांड्यात पडायचा. काल तो उघडला नाही, आजही नाही. आणि केंद्राने खोली आज संध्याकाळपर्यंतच राखून ठेवली होती.

"सापडलं," दुरुस्तीवाला म्हणाला. "अपडेटने सेन्सरचा ड्रायव्हर बदललाय."

"म्हणजे?"

"मशीन आणि सेन्सर यांच्यातला दुभाषा समजा. जुना बरा होता, त्याला काढून नवा आणला. आता कोणाचं बोलणं कोणाला कळत नाही. नव्या सुनेने येऊन सगळे डबे हलवावेत आणि सासूला मीठ सापडू नये, तशातली गत."

त्याने नवा ड्रायव्हर काढला, जुना शोधून घातला, तो पुन्हा बदलू नये अशी तजवीज केली. लॅपटॉप दोनदा बंद होऊन चालू झाला. एवढा वेळ बाई त्याच्या खांद्याशी उभ्याच होत्या. खुर्ची रिकामी आहे, हे त्याने दोनदा सांगूनही बसल्या नाहीत.

"चला, आता बघू अण्णांचं बोट."

बाईंनी लॅपटॉप आत नेऊन अण्णांच्या पुढ्यातल्या पाटावर ठेवला. बटणावर धूळ दिसली, म्हणून त्यांनी ती मधल्या बोटाने पुसली. स्क्रीन उजळली. लॅपटॉप उघडला.

"झालं!" दुरुस्तीवाला खूश झाला. "तुमचंच बोट नोंदलंय की."

"माझं नाही. माझं मी कधी नोंदवलंच नाही."

त्याने लॅपटॉप पुन्हा लॉक केला. अण्णांचं मनगट अलगद धरून त्यांचं बोट बटणावर टेकवलं. ओळख पटली नाही, असं स्क्रीनवर आलं. उजव्या हाताची पाचही बोटं झाली, डाव्या हाताचीही झाली. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्याने बाईंना मधलं बोट ठेवायला सांगितलं आणि लॅपटॉप पटकन उघडला.

"नोंदवताना कोण होतं?"

"मीच. यांचा हात थरथरतो म्हणून खालून माझं बोट लावून..."

बाईंचं वाक्य तिथेच थांबलं. बटण नखाएवढं. अण्णांचं बोट दरवेळी घसरत होतं आणि आधाराचं बोट जागच्या जागी होतं. नंतर रोज सकाळी तीच पकड. जे सिद्ध करायचं तेच आधी धरून चालायचं, या चुकीसाठी त्यांनी किती मुलांच्या वह्यांवर लाल रेघा मारल्या होत्या. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"अजून एक बोट जोडता येतं," दुरुस्तीवाला घाईने म्हणाला. "आता अण्णांचंच नोंदवू."

पण अण्णांची कातडी कोरडी, गुळगुळीत झालेली. बोट उचला, पुन्हा ठेवा, असं मशीन सांगत राहिलं आणि पंधरा-वीस वेळा सांगून शेवटी त्यानेच हात टेकले. दुरुस्तीवाल्याने बॅग आवरली. चपला घालून तो निघून गेला.

बाई पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यांनी फोन स्पीकरवर लावून शेजारी ठेवला. आठ महिने सगळी बोलणी याच खोलीत, अशीच झाली होती. अण्णांना भरवताना, पुसताना हात मोकळे लागत. न्हाणीघरातलं पडणं, कंबर, ते केंद्र, तिथल्या नर्सा, आपल्याच्याने आता होत नाही हे रडणं, सगळं.

"आई, उघडला का?"

"उघडला."

"मग?"

"तू म्हणत होतीस तेच खरं. ते माझंच बोट होतं. यांना काही कळत नाही गं. खोली घेतो म्हणून सांगून टाक."

"आई, तू रडतेयस?"

"नाही. सांगून टाक तू."

फोन बंद झाला. लॅपटॉपची स्क्रीनही एव्हाना मिटली होती. तो उचलायला बाईंनी हात पुढे केला, तेवढ्यात अण्णांनी त्यांचं मनगट धरलं. पाणी हवं असेल, असं वाटून त्या उठायला लागल्या. पकड सुटेना.

अण्णांनी त्यांचा हात स्वतःकडे ओढला. थरथरत्या बोटांनी त्यांचा अंगठा चाचपला, सोडला. पहिलं बोट चाचपलं, तेही सोडलं. मधलं बोट मात्र मुठीत घट्ट धरलं. बटणापर्यंतचं वीतभर अंतर कापायला त्यांना बराच वेळ लागला. मध्ये एकदा हात पाटावर आदळला, पण बोट सुटू दिलं नाही. बाईंनी काडीचीही मदत केली नाही.

बोट बटणावर टेकलं. स्क्रीन उजळली आणि नळांचा निळा नकाशा पसरला.

अण्णांनी नकाशाकडे पाहिलं नाही. ते पलंगावर पडलेल्या फोनकडे बघत होते.