भिंगावरचं तेल

मित्रांनो, मी एजियन समुद्रातल्या एका बेटावरच्या इस्पितळातला म्हातारा सूक्ष्मदर्शक. वीस वर्षं तिथल्या प्रयोगशाळेतल्या स्तमातियाबाईंनी माझ्यातून रक्त तपासलं. 'माझे डोळे' म्हणायच्या मला. पुढे नमुने बोटीने अथेन्सला जाऊ लागले आणि मी कपाटात गेलो. जाताना माझ्या भिंगावर तपासणीसाठी लावलेलं तेल तसंच राहिलं.

परवा वादळामुळे बोटी बंद होत्या. त्यातच सात महिन्यांची गरोदर एवांथिया ऑलिव्ह झोडताना शिडीवरून पडली. बाळाचे ठोके मंदावले. त्याचं रक्त आईच्या रक्तात झिरपतंय का, ते पाहायचं होतं. म्हणून बाईंनी मला घाईने बाहेर काढलं. आईचं रक्त काचेवर पसरून आम्लात बुडवलं की तिच्या पेशी फिकुटतात, बाळाच्या गुलाबी राहतात.

"स्तमातिया, सांग लवकर! तिथे पोर चाललंय हातचं!" डॉक्टर आर्गिरिस दारातून ओरडले.

"मोजू तरी द्या हो! अगं बाई गं... सगळं गुलाबीच आहे!"

"म्हणजे बाळ रिकामं होतंय. काढतोच मी त्याला."

नाही हो, नाही! जुन्या तेलाने सगळं पुसट, एकसारखं गुलाबी दिसतंय! बाई, आधी मला पुसा! मी जिवाच्या आकांताने सांगत होतो, पण मला तोंड कुठे आहे?

डॉक्टर धावले. बाहेर एवांथियाची आई रडत होती, "आमच्या घराच्या रक्तातच खोट आहे, बाई. माझा भाऊ थॅलेसेमियाने गेला, रक्ताचा तो पिढीजात आजार."

ते ऐकताच बाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. बाळाच्या पेशी सगळ्या एकसारख्या गडद दिसतात. ह्या काही फिक्या, काही मध्यम, काही गडद होत्या. त्या आईच्याच होत्या. थॅलेसेमिया असलेल्या घरातल्या धडधाकट मोठ्या माणसाच्या रक्तातही अशा गुलाबी पेशी सापडतात.

"डॉक्टर, थांबा! कापू नका!" बाई जिन्याने धावत सुटल्या.

उशीर झाला होता. बाळाच्या अंगात रक्त पुरेपूर होतं, फक्त छाती अजून श्वासाला तयार नव्हती. आता ते काचेच्या पेटीत नळीने श्वास घेतंय, आणि जगेल की नाही ते कुणी सांगत नाही.

आज त्याची आजी येऊन बाईंचे हात हातात घेऊन म्हणाली, "तुम्ही वेळेवर पाहिलंत म्हणून बाळ हाती लागलं हो!"

बाई, सांगा ना तिला! बाईंनी मान खाली घातली.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना वापरून झाल्यावर पुसून ठेवा, एवढं एक पुसणं फार मोठं असतं. आणि तरीही चूक झालीच, तर बोला. तोंड तुम्हाला दिलेलं आहे.