गावपळणीत राहिलेलं घर

दाखला मागायला आलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. अंगणातच चपला काढतो, ओसरीच्या कडेला अंग चोरून बसतो आणि कामाचं सोडून माडाला नारळ कसे लागलेत तेच बोलत राहतो. खारवणे गावचे पोलीस पाटील दाजी यांच्या ओसरीवर अशी माणसं कायमच असायची. कुणाला घराचा दाखला हवा, कुणाला मुंबईत चिकटायचं म्हणून चालचलणुकीचा. दाजी दोन टोमणे मारत, पण काम करून देत. आचऱ्याच्या खाडीपलीकडचं एवढंसं गाव. तिथं पाटलानं हात आखडला तर लोकांनी जायचं कुठं?

भिकाजीला मात्र त्यांनी दोनदा रिकाम्या हातानं परत पाठवलं होतं, आणि आज तो पुन्हा येऊन बसला होता.

भिकाजी हा आनंदीबाईंचा एकुलता एक मुलगा. मोठ्या लढाईत पलटणीत भरती झाला, ब्रह्मदेशच्या जंगलात लढला आणि शेवटी घरी आला तो कपाळावर ‘फरारी’ असा शिक्का घेऊन. झालं होतं असं, की रजेवर आलेला हा शिपाई मुदत संपली तरी परत गेला नाही. पोलीस शोधायला आला तर घराला कुलूप. पलटणीनं त्याचं नाव पळालेल्यांत लिहून टाकलं. पुढं तो आपल्या पायांनी हजर झाला, ‘मी घरातच तापानं पडलो होतो’ म्हणून सांगत राहिला. पण कुलूप लावलेल्या घरात आजारी माणूस कसा असेल? त्याला तुरुंगात घातलं आणि मग पलटणीतून काढून टाकलं.

त्यानंतर देशाला स्वराज्य मिळालं, पण भिकाजीचा शिक्का काही सुटला नाही. मुंबईत नोकरीला गेला तर पलटणीचे कागद मागत, आणि कागद बघितले की मान हलवत. गावात शेंबडी पोरंसुद्धा त्याला ‘पळपुटो’ म्हणत. लग्नाचं कुणी नाव काढलं नाही. जाळी विणून तो पोट भरी. आता छातीच्या दुखण्यानं तेही होईनासं झालं होतं.

मरायच्या आधी तेवढी नोंद दुरुस्त व्हावी म्हणून त्यानं सरकारकडे अर्ज केला. उत्तर आलं, की त्या दिवसांत तू गावातच आजारी होतास असं तुमच्या पोलीस पाटलानं शपथेवर सांगितलं, तर विचार करू.

“दाजीकाका, माका पेन्शन नको, काय नको,” भिकाजी खोकत म्हणाला. “तेवढो एक शब्द पुसून व्हयो.”

“अरे, पण खोटी शपथ मी कशी घेव?” दाजी वैतागले. “पोलीस इलो तेव्हा गावपळण होती. गावात कुत्रा नाय होता, थंय तू खंयसून असतलस?”

गावपळण म्हणजे काय, हे आपल्या बाजूच्या माणसांना सांगायला नको, घाटावरच्यांसाठी सांगतो. काही वर्षांनी एकदा गाव देवाला कौल लावतं. देवानं कौल दिला की सारं गाव घराला कुलपं घालून, गुरंढोरं, कोंबड्या-कुत्री घेऊन शिवेबाहेर जातं आणि तीन दिवस, तीन रात्री झावळ्यांच्या खोपींत राहतं. तेवढे दिवस गावात फक्त देवाचा वावर. ना माणूस, ना चूल, ना दिवा. खोपींत पोरांची चैन असते, भजनं रंगतात. पण पळण मोडली तर गावावर अरिष्ट येतं, असं म्हातारेकोतारे सांगत आले, आणि ते पडताळून बघायची छाती कुणाला झाली नाही.

त्या वर्षी पोलीस शोध घेत खोपींपाशी आला तेव्हा दाजींनीच त्याला सांगितलं होतं, की गावात कोणी नाही. आनंदीबाई मुलाला डोलीत घालून माहेरी गेल्यात. पोलिसानं माहेरी चौकशी केली. तिथं कोणीच गेलं नव्हतं. मग फरारी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

“मी घरातच होतंय,” भिकाजी खाली बघत म्हणाला. “ह्याच्याफुडे माका काय सांगूक येवचा नाय.”

“मगे माकाय सही करूक येवची नाय.”

भिकाजी उठला. पायऱ्या उतरताना त्याला खांबाचा आधार घ्यावा लागला. दाजींनी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आनंदीबाई आल्या. काठी टेकत, वाकून चालणारी ही म्हातारी देवळाखेरीज कुठं जात नसे. दाजींनी पाट पुढं केला, पण त्या बसल्या नाहीत.

“दाजी, झील माझो, भिकाजी, खरा बोलता. त्या दिसांत तो घरातच होतो. मीय थंयच रवलंय.”



“कुलूप माझ्या हातान लावलंय,” म्हातारी पुढं बोलू लागली. “भायरसून कुलूप घातलंय आनि मागल्या दारान आत गेलंय. माहेराक जातंय म्हणान तुमका खोटाच सांगलंय. झील तापान फणफणलेलो. उचललो असतो तर वाटेतच गेलो असतो, बाबा. चूल पेटवक नाय, दिवो लावक नाय. पोलिसान दार वाजवल्यान, तेव्हा झील तापात बडबडा होतो. मी तेच्या तोंडार हात दाबून धरलंय.”

बोलता बोलता तिनं आपला सुरकुतलेला हात पुढं केला आणि त्याच्याकडे अशी बघत राहिली, की जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

“तेव्हाच दार उघडला असतंस तर ह्या झाला नसता गो काकी!”

“गावाची भीती. देवाचो कौल मोडलंय म्हणान तुमी आमका वाळीत टाकल्याशिवाय रवला असतास? आनि मगे शिमग्यात तुमच्या भावाची, गुरुदासाची, होडी बुडाली. कोणीतरी पळण मोडल्यान म्हणान देव कोपलो, असा सगळो गाव म्हणाक लागलो. मगे मी तोंड कसा उघडतलंय? झील तुरुंगातसून इलो तेव्हा तेका सगळा सांगलंय. तो म्हणालो, आये, गप रव. माका एक शिक्को लागलो तो लागलो, तुका नको.”

असं तोंड दाबून बुक्क्यांचा मार दोघांनी इतकी वर्षं खाल्ला होता. खरं सांगावं तर आई गावाची अपराधी, न सांगावं तर मुलगा सरकारचा. इकडे आड, तिकडे विहीर. पण दाजींना त्या घडीला यातलं काही दिसलं नाही. त्यांना दिसला तो आपला धाकटा भाऊ, पाण्यातून काढून किनाऱ्यावर निजवलेला.

“म्हणजे माझो भाव तुझ्यापायी गेलो,” ते उभे राहिले. “जा काकी. ह्या हाताची सही तुमका मेळाची नाय.”

म्हातारीनं मान डोलावली. हे ऐकायची तयारी करूनच ती आली होती. ती वळली, तोच आतून आवाज आला.

“काकी, रवा जरा.”

माजघराच्या दारात सीता उभी होती, गुरुदासची विधवा. नवरा गेल्यापासून ती याच घरात राबत होती आणि दिरासमोर कधी मान वर करून बोलली नव्हती.

“भावजी, माझो घोव गेलो. रागवाचा झाला तर पयलो हक्क माझो, नाय?”

सीता उंबरा ओलांडून ओसरीवर आली.

“काकी घरात रवली म्हणान होडी बुडाक नाय. होडयेची बुडाची फळी कुजलेली. माझ्या घोवान तुमका सांगलेल्यान. तुमी म्हणालास, ह्यो हंगाम काढूया, फुडल्या वर्षा बदलूया.”

दाजींनी खांब धरला. ती फळी त्यांना आठवत नव्हती असं नाही. गेली कित्येक वर्षं ती आठवू नये म्हणूनच तर ते देवाच्या कोपाची गोष्ट सर्वांना सांगत आले होते! आपल्या घरातली एक बाई सगळं जाणून रोज आपल्या पानात भात वाढते, हे मात्र त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

“इतकी वर्षां बोललंस नाय?” त्यांनी विचारलं.

“बोलान काय मेलेलो परत येतलो? तुमचो जीव त्या समजुतीर टिकान होतो, म्हणान मी गप रवलंय. पण आज तुमी जित्या माणसाक मारूक बसलास.” सीतेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण शब्द अडखळत नव्हते. “चूक आपली, आनि नाव देवाच्या कोपाचा. ह्या सोपा पडता, भावजी. देवान कौल दिल्यान तो गावान भायर जावचो. आवशीन झील मारूचो कौल तेनी कधी दिल्यान? तुमचो झील तापात असतो, तर तुमी तेका खोपीत न्हेला असतास?”

दाजींना मुलगा होता. मुंबईला होता. ते ओसरीवरून खाली उतरले, आनंदीबाईंची काठी पडली होती ती उचलून तिच्या हातात दिली आणि तिच्यासोबत तिच्या घरापर्यंत चालत गेले. सगळ्या वाडीनं ते पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी दोघं मालवणच्या कचेरीत उभी राहिली. आनंदीबाईंनी सगळं सांगून अंगठा उठवला. अधिकाऱ्यानं दाजींना विचारलं, “पाटील, तेव्हा तुम्हीच ‘गावात कोणी नाही’ असं सांगितलंत ना?”

“सांगितलं, साहेब. मी बघितलं नव्हतं. ‘बघितलं नाही’ असं सांगायला हवं होतं, ते ‘नाही’ म्हणून सांगितलं.”

कागद वर गेले. आणि मग सरकारी काम नि सहा महिने थांब! भिकाजी रोज संध्याकाळी पाटलांच्या ओसरीवर येऊन बसे आणि टपाल आलं का, एवढंच विचारी. पुढं त्याला चालवेना, तेव्हा दाजीच त्याच्याकडे जाऊ लागले. त्यांच्यासोबत पेज घेऊन सीताही जाई.

एके दिवशी दाजींना राहवलं नाही. “मीय तुका पळपुटो म्हटलंय रे,” ते म्हणाले.

भिकाजीनं आढ्याकडे बघितलं. “तुमी एकट्यानीच म्हणूक नाय, काका,” तो म्हणाला. त्यात राग नव्हता, आणि तेच दाजींना जास्त लागलं.

चतुर्थीच्या आधी भिकाजी गेला. टपाल आलं ते त्याच्या तेराव्यानंतर.

दाजी ते घेऊन आनंदीबाईंकडे गेले. शिपाई भिकाजी हा रजेच्या काळात गंभीर आजारी असून स्वतःच्या घरी होता. सबब त्याच्या नावापुढील ‘फरारी’ ही नोंद रद्द करण्यात आली आहे, असा मजकूर होता. वाचून होताच म्हातारी म्हणाली, “परत वाच. मोठ्यान वाच, शेजाऱ्यांक ऐकू जावंदे.” दाजींनी अंगणात उभं राहून वाचलं. कुंपणाशी माणसं जमली. ज्यांनी त्याला आयुष्यभर हिणवलं तीही होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

“माझ्या झिलाक ऐकू गेला असात, दाजी?” म्हातारीनं विचारलं.

दाजी खाली बसले आणि रडू लागले. पाटलाला रडताना गावानं गुरुदास गेला तेव्हासुद्धा पाहिलं नव्हतं.

पुढं गावपळणीचा कौल झाला, तेव्हा आनंदीबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. देवळात दाजी उठून म्हणाले, “जंय आजारी माणूस आसा, त्या घराचा दार उघडा रवतला.” कुरकुर झाली. काहींनी वेगळा कौल लावायची गोष्ट काढली. “लावा,” दाजी म्हणाले, “पण आजाऱ्याक भायर काढ म्हणणारो देव नाय. ता आपला भंय.” कौल लावायला कुणी पुढं झालं नाही.

गाव शिवेबाहेर गेलं. सीता आनंदीबाईंपाशी राहिली. कुलूप नाही, लपणं नाही. तिन्हीसांजेला खोपींतल्या माणसांना माडांमधून त्या एका घराचा धूर दिसला, मग दिवा दिसला. पोरं बोटं दाखवू लागली. म्हाताऱ्यांनी हात जोडले.

बांधवांनो, रूढी आपल्या असतात. त्या जरूर पाळाव्यात. पण रूढीच्या धाकानं एखाद्या आईला आपल्या मुलाचं तोंड दाबावं लागत असेल, तर तो दोष त्या आईचा नव्हे, तुमचा-आमचा. आणि ज्याला खरं ठाऊक आहे त्यानं ते वेळेवर बोलावं. खारवण्याच्या माणसांनी शेवटी भिकाजीची नोंद दुरुस्त करून घेतली. भिकाजीचं आयुष्य कुणालाच दुरुस्त करता आलं नाही.