सहज कुणी जातं का?

लालासाहेब सुभेदारांनी चहाची बशी तोंडाला लावता लावता जाहीर केलं, "आगं, आवर. जरा पलूसकडं जाऊन येऊ."

शालूबाईंनी गॅस बारीक केला. "पलूसला? कशाला?"

"कशाला म्हंजे? सहज. आन् तुजा फोन ऱ्हाऊ दे घरातच. एक दिवस कुनाची कटकट नको."

झालं. शालूबाईंनी गॅस बंदच केला.

आता कुणाला वाटेल, नवरा आपणहून फिरायला नेतोय म्हटल्यावर बाईनं हरखून जावं. पण असं वाटणाऱ्याला शालूबाईंचा जन्म ठाऊक नाही. सुभेदारांची उमर पलटणीत गेली. त्यांच्याबरोबर बाई कुठं गेल्या असतील तर रहिमतपूरच्या स्टेशनवर, त्यांना गाडीत बसवून द्यायला. बाकी प्रवास म्हणजे लग्न, बारसं, जत्रा, दवाखाना, नाहीतर मयत. नुसतं जायचं म्हणून जायचं, हे त्यांच्या खानदानात कुणी केलेलं नव्हतं. आणि पलूसच्या थोडं पुढं भोरवाडी, म्हणजे शालूबाईंचं माहेर. तिथं धाकटा भाऊ नाथाजी. दिवाळीच्या आधी त्याच्या छातीत दुखलं, मिरजेला दाखवून आणला. भाऊबीजेला बाई जाणार होत्या, तर ऊसतोडीची टोळी दारात आली. संक्रांतीला जाते म्हणाल्या, संक्रांतही गेली. फोनवर तेवढं "बरा हाय गं आक्का, तू नको काळजी करू" चालायचं.

त्यात आमच्या भागाची एक रीत आहे. लेकीला माहेरचं वाईट कधी सरळ सांगत नाहीत. "तब्येत जरा नरम हाय, चल बघून येऊ" म्हणायचं, गाडीत घालायचं, फोन काढून घ्यायचा. वाटेत पोटभर खायला लावायचं, कारण मयताच्या घरी चूल पेटत नसते. गावच्या वेशीवर गेलं की तिचं तिला कळतं. शालूबाईंची आई गेली तेव्हा याच सुभेदारांनी त्यांना कराडच्या स्टँडवर वडापाव खायला लावला होता आणि बाईंनी आग्रहाला बळी पडून दोन खाल्ले होते. आई तिकडं अंगणात ठेवलेली आणि आपण इकडं मिरची मागून घेतली, याची टोचणी अजून गेली नव्हती. बाईनंही या रीतीत काही विचारायचं नसतं. विचारलं नाही तोवर आपलं माणूस जितं असतं.

म्हणून शालूबाईंनी काही विचारलं नाही. निमूटपणे फिक्कट राखाडी पातळ नेसून बाहेर आल्या.

"ही कसली नेसलीस?" सुभेदार म्हणाले. "ती मोरपंखी काढ की."

बाई गोंधळल्या. मयताला मोरपंखी? मग त्यांच्या ध्यानात आलं, आपल्याला संशय येऊ नये म्हणून हे चाललंय. मोठा हुशार माणूस. त्यांनी मोरपंखी नेसली आणि राखाडी पातळ गुपचूप पिशवीच्या तळाशी कोंबलं.

गाडी मागच्या आळीतल्या रसूलची. सगळ्या गावाला लग्नाला आणि दवाखान्याला तोच नेतो, म्हणजे त्याला सगळं ठाऊक असतं. मसूरच्या पुढं सुभेदार कशाला तरी खाली उतरले, तशा बाई पुढं वाकल्या.

"रसूल, खरं सांग बाबा. कशाला नेतायसा मला?"

रसूलनं आरशात पाहिलं आणि नजर काढून घेतली. "काकी, सुभेदारांनी सांगू नको म्हनलंय. तितं गेल्यावर कळंल तुमास्नी."

आता काय राहिलं? बाईंनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात सुभेदार आले ते हातात मोगऱ्याचा गजरा घेऊन. "माळ," म्हणाले, आणि पुढं बसून चक्क गुणगुणायला लागले. शालूबाईंना गजरा माळवेना, टाकवेना. तो मांडीवर घेऊन त्या बसून राहिल्या. मेव्हणा गेला आणि हा माणूस गातोय? म्हणजे गेला नसेल. मग रसूलचा चेहरा असा का? जराशा सावरल्या, तोवर कराड आलं आणि सुभेदारांनी मिसळ मागवली.

"खा पोटभर. पुढं काय मिळतंय न मिळतंय."

घास बाईंच्या तोंडात फिरायला लागला. दुसरा पाव त्यांनी रसूलच्या ताटात सरकवला. या खेपेला तरी दोन खाणार नव्हत्या त्या.

ताकारी मागं पडली. पलूस आलं. शालूबाईंनी पदर डोक्यावर घेतला, दाराची कडी घट्ट धरली आणि भोरवाडीचा फाटा यायची वाट बघू लागल्या. गाडी फाट्याच्या अलीकडंच वळली. पुढं एक मोठं फाटक, त्यावर द्राक्षाचा घड रंगवलेला, आत जिथवर नजर जाईल तिथवर वेलींच्या सरळ ओळी. टोप्या घातलेली सांगली-पुण्याची माणसं, पोरंबाळं, गाणी.

"हितं कोन ऱ्हातं?" बाईंनी विचारलं.

"कोन न्हाई ऱ्हात. वायनरी हाय ही," सुभेदार मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले. मित्रानं सांगितलं होतं, पलटणीतल्या, की बायकोला घेऊन जा गड्या, लय झकास वाटतं. पण बायकोला 'तुला फिरवायला आणलंय' असं तोंडानं सांगायचं म्हणजे सुभेदारांना सरहद्दीवर उभं राहण्याहून अवघड. ते काही बोलले नाहीत, आणि बाईंना वाटलं, सांगायला धीर होत नाही यांचा.

शिवांजली नावाची एक हसरी मुलगी त्यांना घेऊन हिंडली. ही वाइनची द्राक्षं, बारीक असतात, बिया असतात, सालीत सगळा रंग. या टाक्या. ही थंड खोली. शालूबाई मान डोलवत होत्या. एरवी ही बाई बागायतदाराची लेक, घड हातात घेऊन दहा प्रश्न विचारले असते. आज त्यांना एकच प्रश्न होता आणि तो विचारायची सोय नव्हती.

मग लांब टेबलावर पेले मांडले. शिवांजली म्हणाली, आधी पेला असा फिरवा, मग वास घ्या, मग घोट तोंडात घोळवा, नको असेल तर या भांड्यात टाका. काही माणसं खरंच ती चांगली वस्तू तोंडात घेऊन थुंकत होती. सुभेदारांना कँटीनच्या रमचा अनुभव, त्यांनी थुंकायचा विषयच काढला नाही. पांढरी घेतली, गुलाबी घेतली, तांबडी घेतली. रसूल आणि शालूबाईंपुढं द्राक्षाचा रस आला.

"काकी, आपलं हेच बरं," रसूल म्हणाला.

बाईंचं लक्ष नवऱ्याकडं होतं. भर दुपारी, चारचौघांत पितोय. कधी असं वागला नव्हता. म्हणजे सांगायला बळ आणतोय. नाथा गेला. गेलाच.

"चला मावशी, आता खरी मजा!" शिवांजलीनं त्यांना हाताला धरून बाहेर नेलं. झाडाखाली एक लाकडी हौद, त्यात गुडघाभर द्राक्षं, आणि पाचसहा बाया त्यात नाचत होत्या. "चपला काढा. द्राक्षं तुडवायची."

"आगं, खायची वस्तू ती!"

"ही नुसती गंमत म्हणून वेगळी ठेवलेली असतात. या ना!"

सुभेदारांनी मागून हलकेच ढकललं. "जा की. कोन बघतंय हितं?" शालूबाईंनी चपला काढल्या आणि मुलीनं तांब्यानं त्यांच्या पायांवर पाणी ओतलं.

गार पाणी पायांवर पडलं मात्र, बाईंचा धीर सुटला. मसणातून आल्यावर दारात असंच पाणी ओततात पायांवर. आईच्या वेळी नाथानंच ओतलं होतं. त्या हौदात उतरल्या, पायाखाली द्राक्षं फुटली, जांभळा रस घोट्यापर्यंत आला, भोवती गाणं चाललेलं, आणि बाईंनी मोरपंखीचा पदर तोंडाला लावून जो हंबरडा फोडला—

"आरं माज्या नाथाऽ! माज्या राजाऽ! भाऊबीजंला आले न्हाई रंऽ, तुजं तोंड बगितलं न्हाई रंऽ!"

गाणं बंद पडलं. नाचणाऱ्या बाया हौदाच्या कडेला सरकल्या. एकजण मोबाइलवर फोटो काढत होती, तिनं तो खाली घेतला. सुभेदारांच्या हातात तांबडीचा पेला तसाच.

"आगं, काय झालं? नाथाजीला काय झालं?"

"मलाच इचारताय?" बाई रडता रडता खवळल्या. "तुमीच आनलंय न्हवं मला मातीला? कवा गेला सांगा तरी!"

"कोन म्हनलं गेला?"

"मग हितं कशाला आनलंय मला?"

"सहज!"

"सहज कुनी जातं का कुठं? आन् फोन का ठिवायला लावला? मिसळ का चारली? ह्या रसूलला सांगू नको का म्हनला?"

सुभेदारांनी पेला खाली ठेवला. आपण बायकोला सुख द्यायला निघालो आणि सकाळपासून तिला भावाच्या मयताला नेत होतो, हे त्यांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरलं तेव्हा त्यांना हसावं की रडावं कळेना. "थांब, आत्ता त्याच्याशीच बोल," म्हणून त्यांनी नाथाजीला फोन लावला. रिंग वाजली. वाजत राहिली. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

आता मात्र सुभेदारांचाही चेहरा उतरला. दिवाळीचं छातीचं दुखणं त्यांनाही माहीत होतंच. खरंच काही झालं असलं तर? "रसूल, गाडी काढ," ते म्हणाले.

"आता कुटं?" रसूलनं विचारलं, कारण सकाळपासून आपण कुणाला कशासाठी नेतोय हे आता त्यालाही कळेनासं झालं होतं.

शालूबाईंच्या चपला हौदापाशीच राहिल्या. भोरवाडीच्या गल्लीच्या तोंडाशी द्राक्षांच्या क्रेटची ट्रॉली आडवी, गाडी आत जाईना. रसूल थांबायच्या आत बाईंनी दार उघडलं आणि त्या अनवाणी पळत सुटल्या. सुभेदारांचे गुडघे मागच्या मागं राहिले.

ओट्यावर नाथाजी औषध फवारायच्या पंपाची नळी दुरुस्त करत बसला होता. जिता. धडधाकट. दाढी वाढलेली. फोन आत चार्जिंगला लावलेला. त्यानं मान वर केली आणि त्याला काय दिसलं? बहीण, न सांगता सवरता, अनवाणी, केस सुटलेले, डोळे सुजलेले, आणि एकटी.

नळी त्याच्या हातातून गळाली. "आक्का! कोन गेलं गं?"

बाईंनी भावाचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, त्याच्या छातीवर डोकं ठेवलं आणि सकाळपासूनचं रडं मोकळं केलं. नाथाजीनं बहिणीला खांद्याला धरून हलवलं. "दाजी कुटं हायत? आक्का, दाजी कुटं हायत?"

आतून त्याची बायको धोंडुबाई आली. तिनं नणंद बघितली, नवऱ्याचा पांढराफटक चेहरा बघितला, आणि तिला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. "दाजीऽ! कुटं गेला वो आमाला सोडूनऽ!" तिनं गळा काढला. शेजारच्या दोन घरांतल्या बाया पदर सावरत धावल्या.

तेवढ्यात गल्लीच्या वळणावरून खुद्द दाजी लंगडत आले. धोंडुबाईचा गळा अर्ध्यातच थांबला आणि लाजून तिनं पदर डोक्यावर ओढला.

मग पाणी झालं, चहा झाला. सुभेदारांनी हौदाचं आणि पेल्यांचं तेवढं गाळून झाला प्रकार सांगितला. शेजारणी खो खो हसत गेल्या. धोंडुबाईनं पोहे केले. पण नाथाजी काही हसला नाही. तो एकदा बहिणीकडं बघायचा, एकदा दाजींकडं, एकदा दारात उभ्या रसूलकडं.

"खा की रं दोन घास," शालूबाईंनी पोह्यांची बशी त्याच्यापुढं सरकवली. "वाळलायस किती."

नाथाजीनं बशी बाजूला केली. "आदी सांग, मग खातो."

"काय सांगू?"

"कशाला आलायसा ते." त्यानं बशी आणखी लांब सारली. "कुनी सहज येतं व्हय, आक्का? आई गेली तवा आलीस, आबा गेलं तवा आलीस. खायला घालू नको मला. नीट सांग."

शालूबाईंचा भाऊ भुकेला बसला होता आणि त्यांनी पुढं केलेल्या बशीला घाबरत होता. सकाळची मिसळ त्यांना आठवली आणि फार वाईट वाटलं.

नाथाजीची नजर खाली गेली. "आन् पायाला काय गं हे जांभळं?"

"द्राक्षं तुडवली."

त्यानं दाजींच्या कानाशी तोंड नेलं. "दाजी, आक्काचं डोस्कं ठीक हाय न्हवं? माज्यापासनं लपवू नका."

ते बाईंनी ऐकलं. त्यांनी बशी उचलली, एक घास स्वतः खाल्ला आणि दुसरा लहानपणी भरवायच्या तसा भावाच्या तोंडापुढं धरला. "न्हाई रं बाबा, कोन गेलं न्हाई. ह्या खेपंला कोन जायच्या आदी आले मी."

नाथाजीनं तोंड उघडून घास घेतला. तो चावता चावताच त्यानं बाहेर हाक मारली, "रसूलभाई, ट्रॉली काडतो मी. गाडी आत घ्या. आज ऱ्हात्यात ही."