पोटातलं सूत

रविवारी दुपारी राहनाळच्या रिकाम्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. सूतबाबा आले होते! पोटाला नुसतं तोंड लावून करणीचं सूत ओढून काढणारे. ना सुरी, ना टाका. मघाशीच त्यांनी एका हमालाच्या पोटातून मूठभर गुंता काढला होता, आणि बायकांनी तोंडाला पदर लावले होते.

मृणाली नऊ वर्षांच्या क्षितिजाला घेऊन पुढेच बसली होती. पोर वाळून निम्मी झालेली. पोटात कळा, संडासातून रक्त, आणि दोन वर्षांपूर्वीचा फ्रॉक अजून अंगाला होत होता. हॉस्पिटलात नळी घालून आतड्याचा कणभर तुकडा तपासला, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "तुम्ही लूमसाठी सुताच्या कांड्या भरता ना? मग आतड्याचं अस्तर म्हणजे कापड समजा. त्यातल्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारी प्रथिनं असतात, ती त्याची वीण. हिच्या आतड्याला सूज आहे. सुजेत वीण सैल होते, नको ते आत झिरपतं, सूज आणखी वाढते. हे सुरू का होतं, ते पुरतं अजून आम्हालाही ठाऊक नाही. पण औषधानं सूज आवरता येते. एक दिवससुद्धा गोळी चुकवायची नाही."

एक दिवससुद्धा न चुकवणं मृणालीला नवं नव्हतं. तुळशीला पाणी आणि पोथीचा अध्याय झाल्याशिवाय तिच्या तोंडात थेंब जात नसे. गोळीही तिने नेमातच बसवली: आधी अध्याय, मग गोळी. महिन्याभरात रक्त थांबत आलं होतं. पण सासूला, सीताबाईला, धीर कुठला!

"डॉक्टरीण सोताच म्हनते ठाऊक न्हाय. बाबांना समदं ठाऊक हाय!"

बाबांचं मौन सुरू झालं. प्रत्येक पोटाआधी ते पडद्यामागे जाऊन येत आणि ओठ घट्ट मिटून बसत. मग बोलायचं काम चेल्याचं, सावळारामचं.

"बैठो माई, बैठो! बाबा आता डायरेक्ट लाइनवर हायेत! जे मशिनीत दिसत न्हाय, ते बाबांना दिसतं. पोरीला खायला घातलंय. पांढऱ्या कपाळाची बाई... शेजारची..."

"धोंडूबाई!" सीताबाई ओरडली. "दिवाळीला लाडू दिलेला तिनं!"

धोंडूबाई दाराशीच उभी होती. क्षितिजा तिच्याच मांडीवर वाढलेली. "हाकला तिला गावातून," मागून कुणीतरी म्हणालं. म्हातारी दोन पावलं मागे सरली.

"औषध आनलंय?" सावळारामने एक ताट पुढे सरकवलं. "ठेवा ह्यात. सूत निघालं की गोळी म्हंजे जहर. आजपासून बंद!"

सीताबाईने पाकिटं ताटात टाकली. बाबांनी पोरीच्या बेंबीवर ओला रुमाल ठेवून तोंड लावलं, गुरगुरले, थरथरले, आणि थू! समोरच्या परातीतल्या पाण्यात हिरव्या सुताचा गुंता पडला.

लगेच बाबांना वाचा फुटली. "देखो! दिवाळीपासून आतड्याला गुंडाळलेलं!"

गर्दी हात जोडून वाकली. क्षितिजा मात्र उताणी पडून बाबांच्या उघड्या तोंडात बघत होती.

"आई," ती कुजबुजली, "यांची जीभ पोपटी हाय."

मृणालीने परातीत बोट घातलं. पाणी हिरवं होत चाललं होतं. अकरा वर्षं हा रंग ती रोज हातावरून धूत होती. वेगळ्या पिळाची सुतं मिसळू नयेत म्हणून लावलेला कच्चा रंग. पाणी लागलं की सुटणारा.

जिचा आवाज घरात शेजारच्या खोलीतही जात नसे, ती उभी राहून म्हणाली, "बाबा, आ करा."

"क्या?"

"आ करा. दिवाळीपासून पोटात भिजलेलं सूत आतापावेतो पांढरंफटक झालं असतं. ह्याचा रंग आत्ता सुटलाय, तुमच्या जिभेवर!"

"ए बाई," सावळाराम अंगावर आला, "देव कोपंल!"

"माझ्या देवापुढं मी रोज बसते. त्याला गालात सूत लपवावं लागत न्हाय."

लूमवर केस पांढरे झालेला पंढरी पुढे आला, धागा उचलून बोटांत चोळला. "च्यायला, हा तर आपल्याच लूमचा माल! आरं, मौन कसलं, तोंड भरलं होतं याचं!" त्याने पडदा ओढला. मागे तांब्याशेजारी हिरव्या सुताची अर्धी कांडी.

बाबांनी तोंड मिटलं. हे मौन मात्र खरं होतं.

मृणालीने ताटातल्या गोळ्या उचलून पदराला पुसल्या. सीताबाई खाली बघत होती.

"आई, डॉक्टरीण 'ठाऊक न्हाय' म्हनाली, तिथं तुमचा इश्वास उडाला. माझा तिथंच बसला. जेवढं ठाऊक तेवढंच बोलली ती."

मग तिने धोंडूबाईचा हात धरला आणि गर्दीकडे वळली. आवाज पुन्हा नेहमीसारखा हळू झाला होता, पण पार दारापर्यंत पोचत होता.

"उपास करा, नवस बोला. मी पन करते. पन पोराची गोळी बंद करा, शेजारनीला हाकला, असं कुनी देवाच्या नावानं सांगाय लागला, तर पाया पडायच्या आधी त्याला म्हना, आ कर."